मदत हवी आहे: शाळा मुलाचा रिपोर्ट मागतेय, मंगळवारपर्यंत कुठे मिळेल?

घाटकोपरची_आई | शुक्रवार, रात्री ११:५२

नमस्कार. झोप लागत नाहीये म्हणून लिहितेय. आज शाळेत बोलावलं होतं. मुलाचा रिपोर्ट आणा म्हणाले. मंगळवारी परत भेटायचं आहे, आणि रिपोर्ट नसेल तर त्याच्यासाठी "योग्य ती शाळा" बघा असं सुपरवायझर बाई म्हणाल्या. मुलगा अगदी नॉर्मल आहे. चुरुचुरु बोलतो, सेंट्रलची सगळी स्टेशनं कसाऱ्यापर्यंत पाठ आहेत, गणितं तोंडी सोडवतो. फक्त लिहायचा कंटाळा आहे, वह्या अपूर्ण असतात. मुंबईत हा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत कुठे मिळतो आणि किती पैसे लागतात एवढंच सांगा. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड बाजूला असेल तर बरं. मोठे सल्ले नकोत, वेळ नाहीये.

लेकीचा_बाबा | शनिवार, सकाळी ६:४०

ताई, कसला रिपोर्ट? शाळेने नेमका शब्द काय वापरला? एलडी (अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकताना येणारी अडचण), आयक्यू, की नुसतं डॉक्टरांना दाखवा? मुलाचं वय, इयत्ता, माध्यम, बोर्ड यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. हे कळल्याशिवाय पत्ता दिला तरी तुम्ही चुकीच्या दारात जाऊन बसाल.

वनौषधी | शनिवार, सकाळी ७:१५

लिहायचा कंटाळा म्हणजे एकाग्रतेचा अभाव. सकाळी उपाशीपोटी ब्राह्मी आणि शंखपुष्पी, रात्री झोपताना तळपायाला गाईचं तूप. माझ्या भाच्याला तीन महिन्यांत फरक पडला. रिपोर्टच्या मागे लागू नका, एकदा कागद हातात आला की मुलावर शिक्का बसतो.

घाटकोपरची_आई | शनिवार, सकाळी ८:०५

चौथीत आहे, नऊ पूर्ण. इंग्लिश मीडियम, स्टेट बोर्ड. शब्द "असेसमेंट" वापरला. आता सांगा कुठे जाऊ?

चेंबूरकर | शनिवार, सकाळी ८:३०

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत प्रयत्न करा. अर्ज ऑनलाइन असतो, लॉटरी लागते. उत्पन्नाचा दाखला १ लाखाच्या आतला हवा, पण दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट नाही. घरापासून शाळेचं अंतर मोजून ठेवा, त्यावर खूप अर्ज बाद होतात.

लेकीचा_बाबा | शनिवार, सकाळी ८:४१

चेंबूरकर, ते प्रवेश पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला असतात. हा मुलगा चौथीत आहे आणि त्याला शाळेत प्रवेश आहेच. ताईंनी ते विचारलेलंच नाही.

दादरची_शिक्षिका | शनिवार, सकाळी ९:२०

मी विशेष शिक्षिका आहे, अशाच मुलांबरोबर काम करते. ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मंगळवारपर्यंत खरा रिपोर्ट मिळणार नाही, आणि दोन दिवसांत देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. नीट तपासणीला दोन-तीन बैठका लागतात, कारण दमलेल्या मुलाची चाचणी घेऊन उपयोग नसतो.

दोन वेगळे कागद असतात आणि सगळे त्यांची गल्लत करतात. एक, खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा तपासणी अहवाल. मुलाचं नक्की कुठे अडतंय हे त्यातून कळतं, शिकवण्याची दिशा मिळते. दुसरा, सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचा दाखला. दहावीच्या सवलतींसाठी हाच लागतो. मुंबईत सायन, केईएम, नायर इथे ही तपासणी होते. घाटकोपरहून तुम्हाला सायन सोयीचं. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी काढणं बऱ्याच मुलांत असतं आणि आपोआप जातं. तुमचा नऊचा आहे म्हणजे वयाची अडचण नाही.

खासगीत गेलात तर त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. लाजू नका, नंबर मागा.

आता मला सांगा, डोळे तपासले? कान तपासले? घरी मराठी बोलता ना? मग तो मराठी कसं वाचतो?

मराठीशाळा_हवी | शनिवार, सकाळी १०:०२

मूळ दुखणं इथेच आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि मग मूल वाचत नाही म्हणून डॉक्टर. मातृभाषेत घातलं असतं तर ही वेळच आली नसती. मुंबईत मराठी शाळांचे वर्ग पटसंख्येअभावी बंद पडताहेत आणि आपण रिपोर्ट शोधतोय.

निवृत्त_बाई | शनिवार, सकाळी १०:३५

मी पालिकेच्या मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. मराठी माध्यमाबद्दल तुमच्याइतकंच मलाही वाटतं. पण माझ्या वर्गात दर वर्षी अशी दोन-तीन मुलं असायची, मातृभाषेत शिकणारी. तोंडी सगळं येतं, फळ्यावरून उतरवताना अर्धी ओळ गायब. मी त्यांना आळशी म्हटलं, मागच्या बाकावर बसवलं, एकाला दुसऱ्यांदा तिसरीत ठेवायची शिफारस केली. तेव्हा मला कळत नव्हतं. आज ते मूल डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे "मराठी शाळेत घाला, सुटेल" असं या आईला सांगू नका.

मराठीशाळा_हवी | शनिवार, सकाळी १०:५०

बाई, तुमचा अनुभव मान्य. पण परक्या भाषेने ओझं वाढतं हे तरी मान्य करा.

दादरची_शिक्षिका | शनिवार, सकाळी ११:१०

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणूनच मी मराठीचं विचारलं. मूल मराठी धडाधड वाचतं आणि फक्त इंग्रजीत अडतं, तर आधी भाषेच्या सरावाकडे बघायचं. दोन्हीकडे अडत असेल तर वेगळं. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो, त्यामुळे तिथे चुका ढीगभर दिसतात. मराठीत अक्षर तसा उच्चार, म्हणून तिथे चुका कमी पण वेग फार कमी. मूल शब्द फोडत फोडत वाचतं, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतं. मोठी माणसं म्हणतात, वाचता तर येतं की त्याला.

घाटकोपरची_आई | शनिवार, दुपारी १:४०

तुम्ही सगळे वाद घालताय आणि माझा मंगळवार जवळ येतोय. डोळे शाळेच्या कॅम्पमध्ये तपासले, ठीक आहेत. कान कशाला? लहानपणी सर्दी झाली की कान वाहायचा, आता तीन वर्षं काही नाही. मराठी त्याला फक्त शाळेत एक विषय आहे, वाचायला मी कधी बसवलं नाही.

लेकीचा_बाबा | शनिवार, दुपारी २:०५

ताई, रागावू नका. कान याच्यासाठी की ऐकू थोडं कमी येत असेल तर 'त' आणि 'थ', 'प' आणि 'फ' यांत फरक कळत नाही, आणि मग लिहिताना तोच घोळ होतो. कान वाहायचा हे तुम्ही आत्ता सांगितलंत, पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, तिथेही होते.

आमच्या मुलीची तपासणी पालिकेच्या रुग्णालयात झाली. आधी केस पेपर आणि बालरोग विभाग, मग डोळे, कान, मग आयक्यू, मग शैक्षणिक चाचणी. मी एका फाइलमध्ये शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि दोन वर्षांच्या वह्या घेऊन गेलो होतो. वह्यांचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. तिथल्या मॅडमनी वह्या उघडून पंधरा मिनिटं नुसत्या चाळल्या. नीटनेटक्या करून नेऊ नका, खाडाखोड असलेल्याच न्या.

वनौषधी | शनिवार, दुपारी २:३०

इतकी हॉस्पिटलं फिरवण्यापेक्षा मुलाशी प्रेमाने बोला. आइन्स्टाइनही शाळेत मागे होता.

दादरची_शिक्षिका | शनिवार, दुपारी २:४४

आइन्स्टाइनला हा त्रास होता असं खात्रीने कुणी म्हणू शकत नाही. आणि या मुलाला त्याची गरजही नाही. त्याला आत्ता चौथीचा धडा वाचता यायला हवा. ब्राह्मी जरूर द्या, पण तिने अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही, ती शिकवूनच बसते.

कलम_आणि_कायदा | शनिवार, दुपारी ४:२०

मला यात सगळ्यात गंभीर वाटतंय ते "योग्य ती शाळा बघा". शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. १९९५ च्या जुन्या कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. नव्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात ती आहे. त्यातही कलम १६ आहे. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि अशी मुलं लवकरात लवकर ओळखायची, हे काम शाळेवरच टाकलंय. म्हणजे ओळखायची जबाबदारी शाळेची आणि धमकी आईला! मंगळवारी वकिलाची नोटीस घेऊन जा.

शाळा अल्पसंख्याक आहे का? असेल तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा तिला लागू नाही. २०१६ चा दिव्यांग कायदा मात्र शाळा मान्यताप्राप्त असेल तर लागू आहे.

निवृत्त_बाई | शनिवार, संध्याकाळी ५:१०

नोटीस नको हो. मूल रोज सहा तास त्याच बाईंसमोर बसणार आहे. शिक्षिका चिडली तर त्रास त्यालाच.

कलम_आणि_कायदा | शनिवार, संध्याकाळी ५:१८

याच भीतीवर शाळा चालतात. गप्प बसलेल्या पालकाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवतात, आणि वर "पालकांच्या विनंतीवरून" असं लिहून घेतात.

लेकीचा_बाबा | शनिवार, संध्याकाळी ५:४०

मधला मार्ग आहे, मी तोच केला. ताई, मंगळवारी एक साधा अर्ज घेऊन जा: "आपण तोंडी सुचवल्याप्रमाणे तपासणी सुरू करत आहोत, रुग्णालयासाठी मुलाच्या अडचणी लिहिलेलं शाळेचं पत्र द्यावं." दोन प्रती, एकीवर शाळेचा शिक्का आणि तारीख. त्यांनी पत्र दिलं तर तुमचं काम होतं. दिलं नाही तरी तुम्ही मागितल्याचा पुरावा राहतो. काहीही झालं तरी शाळेतून दाखला काढण्याच्या कागदावर सही करू नका.

गिरगावकर_४१ | शनिवार, रात्री १०:५५

मी इथे फारसा लिहीत नाही. हेही फोनला बोलून लिहितोय, फोनच अक्षरं उमटवतो.

माझं वय ४१. गिरगावात चाळीत वाढलो, मराठी शाळा. मला काय व्हायचं ते सांगतो, कारण मुलाला ते सांगता येणार नाही. त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. 'र' घ्या. 'सूर्य'मधला र डोक्यावर, 'प्रकाश'मधला पायाशी, 'राष्ट्र'मधला ट च्या खाली छत्रीसारखा, 'दुसऱ्या'मधला आणखी वेगळा. बाई म्हणायच्या हा र आहे. मी म्हणायचो, र तर काल वेगळा होता. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर. 'घर' आणि 'धर' यांत फरक एका गाठीचा. मी रोज ठरवायचो की आज नीट वाचीन, आणि माझा नंबर यायच्या आधी पोट दुखायला लागायचं. खरंच दुखायचं.

कंटाळा नसतो ताई तो. घासून घासून बोट दुखेपर्यंत लिहायचं आणि मग "काय हे कोंबडीचे पाय" ऐकायचं. असं दोन वर्षं झालं की मूल ठरवतं, न लिहिलेलं बरं. न लिहिणाऱ्याला आळशी म्हणतात, लिहून चुकणाऱ्याला ढ. मी आळशी व्हायचं निवडलं.

मला कुणी तपासलं नाही. पस्तिसाव्या वर्षी, मुलीचं निघालं तेव्हा कळलं. म्हणून विचारतो, तुमच्या घरात आणखी कुणाला असं आहे का? हे बऱ्याचदा घराण्यात असतं.

दादरची_शिक्षिका | शनिवार, रात्री ११:२०

गिरगावकरदादा, तुम्ही लिहिलंत ते माझ्या पालकसभेत वाचून दाखवू का? तुमचं नाव न घेता.

ताई, उद्या रविवार आहे. परीक्षा न वाटेल असं घरी थोडं करून बघा. निदान होणार नाही, पण डॉक्टरांना सांगायला काहीतरी हातात येईल. त्याला ओळखीचा धडा वाचू द्या, मग चित्र झाकून तोच उतारा मधूनच वाचायला सांगा. नंतर कागद बाजूला ठेवून तोंडी खेळ: 'कमळ'मधला क काढला तर काय राहतं? 'बटाटा'मधला ब काढला तर? आणि वेळ लावू नका, चूक दाखवू नका.

गिरगावकर_४१ | शनिवार, रात्री ११:३१

जरूर वाचा.

घाटकोपरची_आई | रविवार, रात्री ९:४८

काल मी चिडून लिहिलं, माफ करा.

आज करून बघितलं. इंग्रजीचा धडा त्याने खडाखडा म्हटला, बोट पण ओळीवरून फिरत होतं. मला वाटलं बघा, येतंय की सगळं. मग चित्रावर हात ठेवला आणि तिसऱ्या ओळीपासून वाच म्हटलं. गप्प. बोट एका शब्दावर आणि तोंडात दुसराच शब्द. धडा सगळा पाठ होता हो. वर्गात ऐकून ऐकून पाठ केला होता, मुलं हसतील म्हणून. इतके दिवस मी शेजारी बसून अभ्यास घेतला आणि माझ्या लक्षात आलं नाही. 'कमळ'मधला क काढल्यावर तो म्हणाला, "कमल". मराठीचं पुस्तक उघडलं तर 'भात'ला 'मात' वाचलं, आणि स्वतःच म्हणाला, आई हे बरोबर नाहीये ना?

नंतर मला विचारलं, मी दुसऱ्या शाळेत जाणार का. म्हणजे शुक्रवारी दाराबाहेर उभं राहून त्याने सगळं ऐकलं होतं.

गिरगावकरदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिवसभर टाळत होते. लग्नाला बारा वर्षं झाली. बँकेचा फॉर्म, गॅसचा फॉर्म, सोसायटीचं पत्र, सगळं मीच भरते. हे म्हणतात तुझं अक्षर छान आहे. पेपर आला की शेवटचं पान बघून ठेवून देतात. कामात हुशार आहेत, कुठलंही मशीन उघडून दुरुस्त करतात. मला कधी वेगळं वाटलंच नाही. शाळेने जूनपासून दोनदा बोलावलं होतं, तेही मी त्यांना सांगितलेलं नाही. ते म्हणाले असते, मी पण उशिरा शिकलो, होईल. मला हे सगळं त्यांना न कळता मंगळवारच्या आत उरकायचं होतं. म्हणून घाई.

निवृत्त_बाई | रविवार, रात्री १०:१०

पोरी, तू नऊ वर्षांच्या मुलाजवळ रोज अभ्यासाला बसलीस हे काही कमी नाही. तिसरी-चौथीपर्यंत अशी मुलं पाठांतरावर तरून जातात, म्हणूनच उशिरा लक्षात येतं. आणि पाठांतर एवढं पक्कं असेल तर डोकं किती चालतंय बघ.

वनौषधी | रविवार, रात्री १०:१८

नवऱ्याला कशाला गुंतवता यात? पुरुषांना हे आवडत नाही. आणि मुलाचा दाखला पुढे लग्नात आडवा येतो.

गिरगावकर_४१ | रविवार, रात्री १०:३०

मी तोच नवरा आहे, दुसऱ्या घरातला. बायकोने मला सांगितलं तेव्हा मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुलीच्या शेजारी बसून तिचा धडा तिच्याइतकाच अडखळत वाचला. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. त्यांना सांगा ताई.

दाखल्याचं म्हणाल तर तो मुलाच्या कपाळावर लागत नाही, फाइलमध्ये राहतो. मला तो मिळाला असता तर दहावीला जास्त वेळ मिळाला असता. आता दर तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. मी इतिहासाच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न येत असून सोडले.

दादरची_शिक्षिका | रविवार, रात्री १०:५२

ताई, आजचं जसंच्या तसं वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांना उपयोगी पडेल. पण 'कमळ'चं 'कमल' झालं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, आधी कान.

तपासणी होईपर्यंत शिकवणं थांबवू नका. ताटात रवा पसरा, एका दिवशी एकच अक्षर, मोठ्याने उच्चारत बोटाने गिरवायचं. घ आणि ध एकत्र घेऊ नका, मध्ये आठवडा जाऊ द्या. इतिहास, विज्ञान तुम्ही वाचून दाखवा, त्याने तोंडी उत्तर द्यावं. वाचता येत नाही म्हणून बाकीचं ज्ञान अडवून धरायचं नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, रडेपर्यंत नको. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९६ पासून मुंबईत याच विषयावर काम करतेय, त्यांच्याकडेही विचारा.

डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे, मेंदू सक्रिय करून देणारे क्लास तुमच्यापर्यंत पोचतील. दारातूनच परत पाठवा.

कलम_आणि_कायदा | सोमवार, सकाळी ९:०५

अर्जाचा मजकूर मी तयार करून दिला तर चालेल का? नोटीस नाही, अर्जच. शेवटी फक्त एक ओळ घालतो, की तपासणी सुरू असेपर्यंत मुलाचं शिक्षण याच शाळेत सुरू राहील अशी अपेक्षा आहे.

निवृत्त_बाई | सोमवार, सकाळी ९:३०

ही ओळ चांगली आहे. ठेवा.

मराठीशाळा_हवी | सोमवार, सकाळी ११:४५

मी आधी घाईने लिहिलं. घरी मराठी गोष्टीची पुस्तकं मोठ्या अक्षरांतली हवी असतील तर माझ्याकडे मुलांची बरीच पडून आहेत, घाटकोपर स्टेशनला आणून देईन. माध्यमाबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

घाटकोपरची_आई | मंगळवार, दुपारी ३:१५

शाळेत जाऊन आले. अर्ज घेतला, प्रतीवर शिक्का दिला. सुपरवायझर बाईंचा आवाज कागद बघून जरा खाली आला. पत्र शुक्रवारपर्यंत देतो म्हणाल्या. वर्गशिक्षिका बाहेर येऊन हळूच म्हणाली की तो तोंडी फार छान उत्तरं देतो, मी लिहून देईन. एवढी दोन वर्षं ती कधी बोलली नव्हती.

ह्यांना रविवारी रात्रीच सांगितलं. काही बोलले नाहीत. काल कामावरून आल्यावर रव्याचं ताट बघितलं, त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि स्वतः 'ध' काढला. चुकला. दोघं हसले. पुढच्या सोमवारी रजा टाकतो, सायनला मी पण येतो म्हणाले.

मराठीशाळा_हवी, पुस्तकं नक्की हवीत. आता एक विचारायचं आहे. पहिल्या दिवशी केस पेपर काढायला मुलाला न्यावंच लागतं का? सोमवारी त्याचा चित्रकलेचा तास असतो आणि तो एकच तास तो चुकवायला तयार नसतो.

लेकीचा_बाबा | मंगळवार, दुपारी ३:४०

न्यावं लागतं. सकाळी लवकर पोचा. खाऊ, पाण्याची बाटली आणि त्याची चित्रकलेची वही बरोबर घ्या, रांगेत काढत बसेल. आणि शाळेच्या वह्या तशाच, कव्हर न बदलता.